पावसाळ्यानंतर मेटल डिटेक्टर उगाच वाजतो: आता बाजारात न मिळणाऱ्या कॉइल, प्रोब आणि बॅटरी पॅकची तपासणी व दुरुस्ती

तक्रार दरवर्षी तीच. मिरग लागला की धातू शोधणारा डिटेक्टर माळ्यावर जातो, गणपती उरकून पाऊस ओसरला की खाली उतरतो आणि पहिल्याच ओहोटीला पुळणीवर नेला की पिं-पिं थांबत नाही. कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची धातू हुडकणारी चकती, मूळ यंत्राबरोबरची नसून नंतर घेतलेली, दुसऱ्याच कंपनीची असेल तर पंचाईत वाढते, कारण ती आता निघत नाही. डिटेक्टर बनवणाऱ्या टेसोरो कंपनीने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला, व्हाइट्सने २०२० मध्ये. यंत्रच निघेनासं झालं की त्याला बसणाऱ्या कॉइल, प्रोब (वस्तूची नेमकी जागा दाखवणारी काडी), बॅटरी पॅक बनवणाऱ्यांनाही गिऱ्हाईक उरत नाही. मग लोक परदेशातल्या जुन्या मालाच्या मागे लागतात, कस्टम भरतात, आणि आलेली कॉइल पहिल्या कॉइलपेक्षाही वाईट निघते.

कॉइलच्या आतलं वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, इपॉक्सीत गाडलेलं असतं. ते सहसा मरत नाही. मरते ती केबल, नाहीतर प्लग, नाहीतर कॉइल आणि कव्हर यांच्यामधली जागा, नाहीतर बॅटरी. या चारही गोष्टी घरी तपासता येतात आणि बहुतेक दुरुस्तही होतात.

दोष कॉइलचा की किनाऱ्याचा?

आपल्याकडचा किनारा डिटेक्टरसाठी कठीण आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड, पूर्णगड या पट्ट्यात रेतीत इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाचे काळे थर आहेत, त्यात थोडा मॅग्नेटाइटही असतो. वरच्या अंगाला जांभा आणि तांबडी माती, म्हणजे पुन्हा लोहच. खालच्या अंगाला खारं पाणी, जे स्वतः वीज वाहून नेतं. खनिज आणि मीठ यांचा सिग्नल वेगवेगळ्या दिशेने सरकतो. एकाच वारंवारतेवर चालणारं व्हीएलएफ (कमी वारंवारतेचं, सर्वसाधारण) यंत्र ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे जमिनीचा सिग्नल वजा करून, यातल्या एकालाच गप्प करू शकतं, दोघांना नाही. बहुवारंवारता यंत्रं आणि पल्स इंडक्शन (विजेचे छोटे ठोके सोडणारी) यंत्रं इथे तग धरतात ती याच कारणाने.

म्हणून आधी तीन पट्ट्यांत चालून बघा: सुरूच्या बनाखालची कोरडी रेती, मधली ओलसर रेती आणि लाटेची कडा. कोरड्यावर शांत आणि फक्त लाटेच्या कडेला वाजत असेल तर कॉइल ठणठणीत आहे. सेन्सिटिव्हिटी उतरवा, ओल्या रेतीवर उभं राहून ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा, यंत्रात बीच मोड असेल तर तो लावा. काळ्या थरावरच वाजत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून रेतीत फिरवा. पिशवीला काळी दाढी चिकटली तर खनिजच बोलतंय. खोलीच्या हौसेने घेतलेल्या तेरा-पंधरा इंची कॉइलने हा त्रास वाढतो. मोठी कॉइल एका वेळी जास्त जमीन बघते, म्हणजे जास्त खनिजही बघते. काळ्या रेतीत आठ-नऊ इंची डबल-डी (आत दोन डी आकाराचे वेढे असलेली) कॉइल पुष्कळदा जास्त कामाची ठरते. जुन्या बंद झालेल्या कॉइलींत कॉन्सेन्ट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेढ्यांच्या, खूप आहेत. त्या कोरड्या, साध्या मातीत उत्तम, पण खनिजाच्या रेतीत डबल-डीच्या पुढे टिकत नाहीत. हा त्यांचा बिघाड नव्हे, बनावटीचा गुण.

ओहोटीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, त्यावर सव्वासहा तास मिळवले की ओहोटी दहाच्या सुमारास. उधाणाच्या दिवसांत ओली पट्टी रुंद मिळते, तीच चाचणीला बरी.

तिन्ही पट्ट्यांत सारखंच वाजत असेल तर यंत्र घरी न्या. घरातही सिमेंटच्या स्लॅबवर तपासू नका, आत सळया असतात. आंब्याच्या फांदीला सुंभाने डिटेक्टर असा टांगा की कॉइल जमिनीपासून दीड मीटर वर राहील आणि भोवती तेवढ्याच अंतरात लोखंड नसेल. पंप, इन्व्हर्टर, वायफाय बंद करा, मोबाइल लांब ठेवा. कॉइल न हलवता वाजते का ते पाहा. कॉइल कुशीवर वळवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर तो विजेच्या तारांचा किंवा एखाद्या उपकरणाचा त्रास आहे. वळवूनही तसाच राहिला तर पुढचं वाचा.

चाचणीसाठी किल्ल्याच्या तटाखाली जाऊ नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा ही संरक्षित स्मारकं आहेत, त्यांच्या भोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पर्यटकाची कालची हरवलेली अंगठी शोधणं वेगळं.

आधी कव्हर काढा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित दोष. कॉइलच्या तळाला बसणारं प्लास्टिकचं कव्हर काढलं की आत ओल्या रेतीचा थर सापडतो. त्यातली काळी रेती आणि मिठाचं पाणी कॉइलच्या अगदी अंगाला लागून हलतं आणि प्रत्येक झोल्याला खोटा सिग्नल देतं. कव्हर आणि कॉइल गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग कव्हर न लावताच तपासा. शांत झालं तर काम झालं. कव्हर परत बसवताना कडेने इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. सिलिकॉनने कायमचं चिकटवू नका, पुढच्या वेळी काढताना कॉइल सोलली जाईल.

मग बोटांनी कॉइलवर टकटक करा. कव्हर नसतानाही दर टकटकीला आवाज आला तर आतलं वायंडिंग सुटं झालंय किंवा केबल जिथे कॉइलमध्ये शिरते तिथली तार अर्धवट तुटलीय. या दोहोंतला फरक पुढच्या मोजमापात कळतो. केबल दांडीला सैल गुंडाळली असेल तरी ती कॉइलजवळ हलून आवाज देते. कॉइलच्या वरचा पहिला वेढा वेल्क्रोने घट्ट बांधा आणि कॉइल वर-खाली वळेल एवढाच ढिला भाग सोडा.

मध्ये प्रोब असेल तर तो बाजूला करा

सनरेसारख्या कंपन्यांचे शाफ्टवर बसणारे पिनपॉइंट प्रोब कॉइल आणि कंट्रोल बॉक्स यांच्या मध्ये जोडले जात. छोट्या डबीतला स्विच एकीकडे टाकला की कॉइल चालू, दुसरीकडे टाकला की प्रोब. म्हणजे मुख्य कॉइलचा सिग्नलही त्या स्विचमधूनच जातो. खाऱ्या हवेने स्विचचे संपर्क काळे पडले की ठणठणीत कॉइलही मेल्यासारखी वागते, आणि माणूस नवी कॉइल शोधत बसतो.

कॉइलचा प्लग सरळ कंट्रोल बॉक्सला लावा. नीट चालली तर दोष डबीत. यंत्र बंद ठेवून स्विच वीस-तीस वेळा इकडून तिकडे करा, डबी उघडून संपर्कांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तरी भागलं नाही तर स्विच बदला. तितक्याच पोलचा छोटा टॉगल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. जुना स्विच काढण्याआधी प्रत्येक तारेचा रंग आणि पाय कागदावर उतरवून फोटो काढा. या डब्यांचे नकाशे आता मिळणार नाहीत.

मल्टिमीटरने काय बघायचं

प्लग काढा, मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहा, तो प्रत्येक मापातून वजा करायचा. साध्या व्हीएलएफ कॉइलच्या प्लगमध्ये पिनांच्या दोन जोड्या सापडतात. पाठवणाऱ्या वायंडिंगचा रोध कमी असतो, काही ओहम. ग्रहण करणाऱ्याचा त्याहून जास्त, बरेचदा काही दशक ओहम. पल्स इंडक्शनच्या मोनो कॉइलमध्ये एकच वायंडिंग, त्याचा रोध साधारण तीन ओहमच्या आत. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. हाताशी चालू कॉइल असेल तर तिच्याशी ताडून पाहा.

आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्थिर आहे का. मीटर लावलेला ठेवून एकाने केबल हळूहळू वाकवत जावं: आधी प्लगपासून आठ सेंटीमीटर, मग कॉइलकडून आठ सेंटीमीटर, मग मधला भाग. आकडा उड्या मारायला लागला की तुटीची जागा सापडली. ती या दोन टोकांपैकी एकातच असण्याची शक्यता जास्त. बीपवर ठेवून हे करू नका, रोध थोडासा वाढला तर तो बीपला समजत नाही.

मग मीटर २० मेगओहमवर ठेवून पाठवणारं वायंडिंग आणि शील्ड (बाहेरचा त्रास अडवणारं वीजवाहक आवरण) यांच्यात मोजा. काहीच यायला नको. काही मेगओहम आले तर आत ओल आहे. ग्रहण करणाऱ्या वायंडिंगचं एक टोक काही कॉइलींत मुद्दाम शील्डला जोडलेलं असतं, तिथे शॉर्ट दिसला म्हणून घाबरू नका. आणि काही बहुवारंवारता यंत्रांच्या कॉइलमध्ये छोटा सर्किट बोर्डच बसवलेला असतो. तिथे ओहमचे आकडे अर्थ सांगत नाहीत, फक्त केबल वाकवण्याची चाचणी उपयोगी.

केबल तोडून जोडणं

समुद्राचं पाणी एकदा केबलच्या टोकातून शिरलं की शील्डच्या जाळीतून वातीसारखं वर चढतं. बाहेरून केबल नवी दिसते, आत तांबं काळं पडलेलं असतं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, कितीही फ्लक्स लावा. दोन-दोन सेंटीमीटर कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. दहा-पंधरा सेंटीमीटर केबल कमी झाल्याने सहसा काही बिघडत नाही.

लागणारं सामान: २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं ०.८ मिमी रोझिन कोअर सोल्डर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, नवा प्लग. पत्र्याचं काम करणाऱ्यांकडचा आम्लाचा फ्लक्स वापरू नका, तो वर्षभरात जोड खाऊन टाकतो. गोल स्क्रूचे पाच पिनी प्लग बाजारात मिळतात, पण पिनांची मांडणी आणि आट्यांचा व्यास दोन्ही जुळायला हवेत. जुना प्लग खिशात घालूनच दुकानात जा.

पूर्ण केबल बदलायची वेळ आली तर माइकची साधी केबल घेऊ नका. पाठवणाऱ्या आणि ग्रहण करणाऱ्या जोडीला वेगवेगळी शील्ड लागते. दोन्ही एकाच शील्डमध्ये आल्या की एकीचा सिग्नल दुसरीत झिरपतो, कॉइलचा समतोल बिघडतो आणि यंत्र ओव्हरलोड दाखवत बसतं. स्टेज ऑडिओची दोन जोड्यांची, प्रत्येक जोडीला स्वतंत्र शील्ड असलेली केबल चालते. लांबी जुन्या केबलइतकीच ठेवा.

जोड बंद करताना सिलिकॉन सीलंट न्यूट्रल क्युअरचंच घ्या. स्वस्त ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातलं अॅसेटिक आम्ल तांब्याला हिरवं करतं. केबल कॉइलमध्ये शिरते तिथे चोवीस तासांत घट्ट होणारं दोन ट्यूबचं अॅरलडाइट भरा. पाच मिनिटांत बसणारं पाण्याच्या कामाला कच्चं असतं.

कॉइलमध्ये पाणी

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कॉइल ठेवा. पोकळ किंवा फोम भरलेल्या कॉइलमध्ये पाणी शिरलं की वजन सरळ वाढतं. वाळवल्यावर वजन उतरलं तर निदान पक्कं.

वाळवायच्या आधी, पाणी खारं असेल तर चीर जिथे आहे तिथून गोडं पाणी आत घालून दोन-तीनदा हलवून काढा. नुसतं वाळवलं तर मीठ आतच राहतं आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओल ओढतं. मग हवाबंद डब्यात अर्धा किलो सिलिका जेल घालून त्यात कॉइल आठवडाभर ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते भरलं की कळतं; कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई परत भाजीला वापरू नका. तांदळात ठेवण्याचा सल्ला सोडून द्या, कोकणात ऑक्टोबरमध्ये तांदूळ स्वतःच ओला असतो. हेअर ड्रायर किंवा दुपारचं ऊनही नको. ५० अंशांच्या वर इपॉक्सी आणि फोम सरकतात, वायंडिंगची जागा केसभर हलते आणि कॉइलचा समतोल कायमचा जातो. एवढं झालं तर ती कॉइल मात्र खरोखरच गेली.

कवचाच्या आतल्या बाजूला काळा ग्राफाइटचा लेप असेल तर तो खरवडू नका, ती शील्ड आहे. चीर बुजवल्यावर वरून धातूची पूड असलेला रंग लावू नका.

दांडी बसते तो कान तुटला तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भरा. हे एबीएस प्लास्टिकलाच लागू आहे. कोपऱ्यात एक थेंब अॅसिटोन लावून चिकटपणा आला तर बहुधा एबीएस. तार बांधून किंवा लोखंडी पट्टी मारून जोडू नका, बोल्टही नायलॉनचाच हवा.

बॅटरी पॅक

जुन्या समुद्री यंत्रांचे १२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड पॅक म्हणजे आत १.२ व्होल्टचे दहा सेल. दोन-तीन सेल बसले की पॅक चार्जरवर भरलेला दाखवतो आणि अर्ध्या तासात यंत्र अडखळतं. त्यालाच लोक कॉइलचा दोष समजतात. यंत्र चालू असताना व्होल्टेज मोजा. नुसत्या पॅकचं माप फसवं असतं. सेल बदलताना पत्र्याच्या टॅब लावलेलेच घ्या, सेलच्या तोंडाला थेट आयर्न टेकवला की आतली सील वितळते.

एक धोका ठळक अक्षरांत लिहिण्यासारखा: १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एए सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे. चार एए लागणाऱ्या यंत्रात असे चार घातले तर ६ च्या जागी जवळपास १५ व्होल्ट जातात. बोर्ड जळतो आणि त्याचा बोर्डही आता मिळत नाही. लिथियमचा पॅक बांधायचाच असेल तर १२ व्होल्टच्या यंत्राला मालिकेत तीन सेल, संरक्षण बोर्डासह, आणि चार्जर लिथियमचाच.

पाण्यात जाणाऱ्या पॅकची ओ-रिंग दरवर्षी बदला. कंपनीची मिळत नाही म्हणून अडत नाही: आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा, तशीच नायट्राइलची रिंग पंप दुरुस्तीवाल्याकडे किंवा बोटीच्या इंजिनाचं सामान विकणाऱ्याकडे काही रुपयांत मिळते. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, चकाकी येईल एवढंच. जास्त लावलं की त्यावर रेती बसते आणि रेतीचा एक कण पाणी आत घ्यायला पुरतो.

हेडफोनचं थोडक्यात. जुना हेडफोन गेला म्हणून साधा ब्लूटूथ जोडला तर आवाज पाव सेकंदापर्यंत उशिरा येतो, तेवढ्यात कॉइल वीसेक सेंटीमीटर पुढे गेलेली असते. तुम्ही भलतीकडेच खणता. तारेचा हेडफोन आणि योग्य जॅक हेच बरं.

जुनी कॉइल विकत घेताना

प्लग बसला म्हणजे कॉइल जुळली असं नाही. मिनलॅब कंपनीच्या जुन्या एक्स-टेरा मालिकेत यंत्राची वारंवारता कॉइलच ठरवते: ३, ७.५ किंवा १८.७५ किलोहर्ट्झ. मिनलॅबच्याच इक्विनॉक्सच्या कॉइलमध्ये ओळख देणारी चिप असते, ती नसलेली कॉइल यंत्र स्वीकारत नाही. म्हणून 'सगळ्या मॉडेलना चालते' असं लिहिलेली जुनी कॉइल दिसली की तिथूनच पुढे जा. विकणाऱ्याकडून मागायच्या गोष्टी: पिनांचा जवळून फोटो, केबल कॉइलमध्ये शिरते त्या जागेचा फोटो, वजनकाट्यावरचा फोटो आणि यंत्र चालू ठेवून कॉइलवर टकटक केल्याचा, केबल वाकवल्याचा व्हिडिओ. शेवटचा व्हिडिओ द्यायला कां-कूं केली तर पैसे पाठवू नका.

मे अखेरीला

कव्हर काढून सगळं गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस सावलीत वाळवा. प्लगच्या पिना अल्कोहोलने पुसा. डब्ल्यूडी-४० मारून ठेवू नका, त्याच्या तेलकट थराला धूळ आणि रेती चिकटते. सगळे सेल काढून ठेवा. केबल दांडीला आवळून न ठेवता मोठ्या वेढ्यात सैल सोडा, म्हणजे तोंडाशी ताण येणार नाही. कॉइल, प्रोब आणि प्लग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि झाकणावर तारखेसह तीन आकडे लिहा: कॉइलचं वजन, पाठवणाऱ्या वायंडिंगचे ओहम, ग्रहण करणाऱ्याचे ओहम. ऑक्टोबरमध्ये यंत्र वाजायला लागलं की पहिल्यांदा ते झाकण बघायचं.